सुंभ गेला, पीळही गेला

१९०४ साली जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळच्या झालबुर्ग या रोमन किल्ल्याच्या आवारात कैसर दुसरा विल्हेल्म याच्यासमोर एक अजब कवायत झाली. एर्विन श्राम नावाच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक-रोमन यंत्रांच्या प्रतिकृती बनवून आणल्या होत्या आणि त्या नुसत्या मांडून न ठेवता चालवून दाखवल्या. बाण सुटले, दगड उडाले. श्रामच्या चाचण्यांत घोड्याच्या केसांचे दोर बसवलेलं बाणयंत्र साडेतीनशे मीटरच्या पलीकडे मारा करत होतं.

तेव्हापासून आजतागायत रोमन शस्त्रांवरच्या पुस्तकांत, माहितीपटांत आणि संग्रहालयांच्या पाट्यांवर एकच प्रश्न सगळ्यांत आधी येतो: बाण किती लांब जायचा? प्रश्न साहजिक आहे. पण प्रतिकृतीकडून मिळणारं सर्वांत कमी भरवशाचं उत्तर नेमकं याच प्रश्नाचं असतं. रोमन यंत्र पुन्हा उभारण्याचं मोल मोठं आहे, फक्त ते भलत्या ठिकाणी शोधलं जातं. यंत्र किती लांब मारतं यापेक्षा ते कुठे अडतं, कशाने मोडतं आणि किती लवकर ढिलं पडतं, यातून रोमन सैन्याबद्दल जास्त कळतं.

आधी यंत्र समजून घेऊ. क्रॉसबो म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं, खटका ओढून सोडायचं धनुष्य. ग्रीकांनी इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या आसपास असं एक धनुष्य केलं होतं. त्याचं एक टोक जमिनीला टेकवायचं, दुसरं पोटाने दाबायचं, की सरकती पट्टी मागे येऊन दोरी ताणली जाई. दातेरी पट्टी दोरीला मागे सटकू देत नसे. सिराक्यूजचा हुकूमशहा पहिला डायोनिसियस याने इ. स. पूर्व ३९९ मध्ये कार्थेजशी लढण्यासाठी ठिकठिकाणचे कारागीर चांगल्या मजुरीवर गोळा केले आणि त्या काळात हे यंत्र आकाराला आलं, असं इतिहासकार डायोडोरस सांगतो. पण धनुष्याच्या लाकडाला किंवा शिंगाला मर्यादा असते. ते फार जाड केलं तर वाकत नाही, फार वाकवलं तर तुटतं.

यावर काढलेला तोडगा विलक्षण होता. धनुष्यच काढून टाकायचं. त्याऐवजी एका भक्कम लाकडी चौकटीत डाव्या-उजव्या बाजूला दोन उभी भोकं ठेवायची, प्रत्येक भोकातून दोराचे पदरावर पदर वर-खाली घेत एक जाड जुडगा भरायचा आणि जुडग्याच्या मधोमध एक दांडकं खुपसायचं. वर आणि खाली कांस्याची कडी बसवलेली असत. ती फिरवली की जुडग्याला पीळ बसे. दोन दांडक्यांची टोकं एका दोरीने जोडलेली. ती दोरी रहाटाने मागे ओढली की दोन्ही दांडकी पिळाविरुद्ध वळत, आणि खटका सुटला की पीळ त्यांना झटक्याने पूर्वीच्या जागी नेई. बाण किंवा दगड निघून जाई. साठवलेली सगळी ताकद त्या दोराच्या पिळात. रोमन सैनिक बाण मारणाऱ्या लहान यंत्राला ‘विंचू’ म्हणत आणि दगड मारणाऱ्या मोठ्या यंत्राला बॅलिस्टा. पुढच्या शतकांत या नावांची सरमिसळ झाली, ती इथे बाजूला ठेवू.

हे यंत्र अंदाजपंचे केलेलं नव्हतं. बायझँटियमचा फायलॉन इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात लिहितो की जुन्या कारागिरांची यंत्रं कधी चांगली निघत, कधी वाईट. योग्य माप सापडलं ते अलेक्झांड्रियातल्या कारागिरांना, कारण तिथल्या राजांनी प्रयोगांसाठी पैसा पुरवला. ते माप होतं दोराच्या भोकाचा व्यास. बाणयंत्रात तो बाणाच्या लांबीच्या एक नवमांश. दगडयंत्राचं गणित जास्त अवघड: दगडाचं वजन मिना या मापात घ्यायचं, त्याला शंभराने गुणायचं, घनमूळ काढायचं आणि त्यात दहावा हिस्सा मिळवायचा, की भोकाचा व्यास बोटांत येतो. दहा मिनांच्या, म्हणजे साधारण साडेचार किलोच्या दगडाला हजाराचं घनमूळ दहा, अधिक एक, म्हणजे अकरा बोटं. यंत्राचा बाकी प्रत्येक तुकडा, खांब असो वा दांडकं, याच व्यासाच्या पटीत. घनमूळ काढणं ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. घन दुप्पट करायचा भूमितीतला प्रसिद्ध प्रश्न यंत्र बांधणाऱ्यांसाठी रोजच्या कामाचा होता, म्हणूनच फायलॉन आणि अलेक्झांड्रियाचा हेरॉन या दोघांच्याही शस्त्रग्रंथांत त्याची उकल दिलेली आढळते.

श्रामने १९०४ मध्ये जी यंत्रं दाखवली ती बव्हंशी या ग्रंथांवरून केलेली होती. मग आठ वर्षांनी, १९१२ मध्ये, स्पेनमध्ये कॅटलोनियाच्या किनाऱ्यावर अंपुरियास इथे एका बाणयंत्राच्या चौकटीचे लोखंडी पत्रे आणि कांस्याची कडी जमिनीतून वर आली. लाकूड कुजलं होतं, पण पत्र्यांवरून चौकटीचा आकार स्पष्ट होता. भोकाचा व्यास सुमारे आठ सेंटिमीटर. तीन वितींच्या बाणाला सूत्राप्रमाणे चार बोटं, म्हणजे पावणेआठ सेंटिमीटरच्या आसपास, यायला हवीत. जमिनीतल्या वस्तूने ग्रंथाला आणि ग्रंथावरून केलेल्या प्रतिकृतीला अशी साक्ष दिली. पुनर्रचनेचा हा सर्वांत सुखाचा क्षण म्हणावा लागेल.

तरी एक गोष्ट अंपुरियासला मिळाली नाही. ती कुठेच मिळालेली नाही. दोर.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. रोमन यंत्रांच्या बाबतीत सुंभही गेला आणि पीळही. राहिली ती कडी. जर्मनीत झांटेनजवळ १९९९ मध्ये पहिल्या शतकातल्या एका छोट्या यंत्राचे अवशेष निघाले. त्यात चौकटीचं लाकूडसुद्धा टिकलं होतं, ही किती दुर्मीळ गोष्ट आहे ते पुरातत्त्वात काम करणाऱ्यांना सांगायला नको. तिथेही ज्यावर सगळं चालायचं तो जुडगा नाहीच.

प्राचीन लेखक तो कशाचा असे ते सांगतात. जनावरांच्या स्नायूंच्या टोकाशी असणारे चिवट पांढरे बंध, ज्यांना वैद्यकात कंडरा म्हणतात, ते वाळवून, कुटून, त्यांचे तंतू वेगळे करून दोर वळायचा. कोणत्या जनावराच्या कोणत्या भागातले बंध चांगले, याचीही चर्चा हेरॉन करतो. जे स्नायू सतत काम करतात त्यांचे बंध उत्तम, असा त्याचा हिशेब. स्नायूंचे बंध नसतील तर केस. व्हिट्रूव्हियस बायकांच्या केसांचा उल्लेख करतो, आणि तिसऱ्या प्युनिक युद्धात वेढा पडलेल्या कार्थेजमधल्या बायकांनी यंत्रांच्या दोरांसाठी आपले केस कापून दिल्याचं इतिहासकार ॲपियनने नोंदवलं आहे. दोर हा पूर्ण राज्याच्या पुरवठ्याचा प्रश्न होता, एखाद्या कारागिराचा नव्हे.

आता प्रतिकृती करणाऱ्यांची अडचण पाहा. एका मध्यम यंत्रालाही अशा दोराची प्रचंड लांबी लागते. असा दोर वळण्याची कला आज कुणाच्या हातात राहिलेली नाही. साहजिकच श्रामने घोड्याचे केस घेतले, आणि नंतरच्या अनेकांनी नायलॉन किंवा तत्सम कृत्रिम धाग्यांचे दोर. कृत्रिम धागा सगळीकडे सारखा जाड असतो, दमट हवेत सैलावत नाही, सडत नाही, उंदीर खात नाहीत. म्हणजे या यंत्रात सर्वांत नाजूक, सर्वांत चंचल जो भाग होता तोच बदलून टाकायचा आणि मग रोमन यंत्र अमुक मीटर मारतं असं जाहीर करायचं. चौकट रोमन आणि ताकद आधुनिक कारखान्याची. मिळालेला आकडा नेमका कुणाचा?

उलट दिशेची चूकही तितकीच सोपी आहे. इ. स. ७० मध्ये जेरुसलेमच्या वेढ्यात दहाव्या लीजनची (रोमन पलटणीची) दगडयंत्रं एक टॅलंट वजनाचे, म्हणजे २६ किलोंच्या आसपासचे दगड दोन स्टेड किंवा त्याहून लांब फेकत, असं यहुदी इतिहासकार जोसिफसने लिहून ठेवलं आहे. दोन स्टेड म्हणजे पावणेचारशे मीटरच्या जवळपास. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या एका मालिकेसाठी इंग्लंडमध्ये असं एक टॅलंटचं यंत्र खरोखर उभारलं गेलं. कित्येक टनांचं ते धूड बांधून झालं, दगडही उडाला, पण तो शंभर मीटरच्या आतच पडला. मग जोसिफस खोटारडा ठरला का? काहींना तसं वाटलं. पण दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात, पहिल्यांदाच बांधलेल्या, मुरलेले कारागीर आणि मुरलेला दोर नसलेल्या यंत्राने तीन-चार शतकांचा अनुभव असलेल्या तोफखान्यावर निकाल द्यावा, हे जरा जास्तच झालं.

जोसिफसला अतिशयोक्तीचं वावडं नव्हतं. जोटापाटाच्या वेढ्यात दगड लागून उडालेलं एका माणसाचं डोकं तीन स्टेड लांब पडलं, असंही तो सांगतो. ते कुणी जसंच्या तसं घेऊ नये. पण त्याच लेखकाने दिलेला दुसरा तपशील पाहा. जेरुसलेमच्या बुरुजांवर यहुद्यांनी पहारेकरी ठेवले होते. दगड पांढरा असल्याने तो येताना दिसे आणि घोंगावताना ऐकू येई. पहारेकरी ओरडून सावध करीत, माणसं आडवी पडत, दगड वरून निघून जाई. मग रोमनांनी दगड काळे रंगवायला सुरुवात केली. ही गोष्ट कल्पनेने रचता येण्यासारखी नाही. तीत दगडाचा वेग आहे, उड्डाणाला लागणारा वेळ आहे आणि शत्रू कसा शिकतो हेही आहे. पल्ल्याचा आकडा बाजूला ठेवला तरी युद्धातलं यंत्र इथे जास्त स्पष्ट दिसतं.

पुनर्रचनेने खरी मजल मारली ती एका अशा ग्रंथाच्या बाबतीत जो बराच काळ कुणालाच लागत नव्हता. हेरॉनच्या नावावर ‘कायरोबॅलिस्ट्रा’ नावाचा एक त्रोटक मजकूर आहे. त्यात एकामागून एक भागांची मापं दिलेली आहेत, पण ते भाग कसे जोडायचे याचा पत्ता नाही. त्यातल्या बऱ्याच भागांची नावं ग्रीक लिपीतल्या ‘क’पासून सुरू होतात. हे पाहून रुडॉल्फ श्नायडर या जर्मन पंडिताने १९०६ मध्ये मत मांडलं की हा एका यंत्राचा ग्रंथच नव्हे, एखाद्या तांत्रिक शब्दकोशातलं ‘क’चं पान आहे. विद्वत्तेला शोभेल अशीच ही चतुर चूक. १९७१ मध्ये अभ्यासक एरिक मार्सडन यांनी मात्र ठामपणे मांडलं की हे एक खरंखुरं शस्त्र आहे, लाकडी चौकटीऐवजी लोखंडी चौकटीचं, आणि रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावर गाड्यावर बसवलेली जी कमानदार यंत्रं कोरली आहेत ती याच जातीची. तो स्तंभ इ. स. ११३ मधला.

पुढे तीन वर्षांत पुरावा छापून आला. रुमानियात डॅन्यूबकाठच्या ओर्शोवा आणि गोर्निया इथे सापडलेले लोखंडी सांगाडे निकोलाए गुडेआ आणि डीटवुल्फ बाट्झ यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. ‘कायरोबॅलिस्ट्रा’त वर्णन केलेले दोर धरणारे सांगाडे आणि त्यांना जोडणारा मधे कमान असलेला दांडा, जवळजवळ तसेच, प्रत्यक्षात. शब्दकोशाचं पान यंत्र होऊन बसलं.

पण लगेच नवा वाद उभा राहिला, आणि तो अजून मिटलेला नाही. ओर्शोवाची चौकट अपेक्षेपेक्षा फार रुंद निघाली. इराकमध्ये हत्रा इथे १९७०च्या दशकात सापडलेल्या तिसऱ्या शतकातल्या मोठ्या यंत्राचंही तेच. इतकी रुंदी कशासाठी? स्पॅनिश अभ्यासक आयतोर इरिआर्ते आणि इतर काहींचं म्हणणं असं की या यंत्रांची दांडकी जुन्या यंत्रांसारखी चौकटीच्या बाहेरच्या अंगाने मागे येत नसत. ती आतल्या अंगाने फिरत, त्यामुळे त्यांना जास्त वळण मिळे आणि दोरात जास्त ताकद साठे. या मताप्रमाणे बांधलेल्या प्रतिकृती छान चालतात. विरोधी मताप्रमाणे बांधलेल्याही चालतात!

खरी गोम इथे आहे. कुशल सुतार-लोहाराने मनापासून बांधलेलं जवळपास कोणतंही पिळाचं यंत्र बाण मारतंच. ‘चालतं, म्हणजे तसंच होतं’ हा निष्कर्ष प्रतिकृती करणाऱ्यांच्या जगात सर्रास काढला जातो आणि तो तर्काला धरून नाही. चालणाऱ्या यंत्राने सिद्ध होतं ते इतकंच, की ही एक शक्यता होती. मोडणारं यंत्र मात्र एखादी शक्यता कायमची निकालात काढू शकतं. सांगितलेल्या जाडीचं लाकूड पीळ बसवतानाच चिरफाळलं, तर एक तर मजकूर चुकीचा नकलला गेला आहे किंवा आपण तो चुकीचा वाचला आहे. पल्ल्याच्या शंभर आकड्यांहून अशी एक चीर जास्त सांगून जाते. दुर्दैवाने मोडतोडीच्या नोंदी क्वचितच छापल्या जातात. चित्रफीत निघते ती उडालेल्या बाणाची.

मग ही यंत्रं लढाईत कशी वापरली गेली, हे कळायचं कसं? प्रत्यक्षदर्शींकडून आणि जमिनीकडून.

इ. स. पूर्व ५२. अवॅरिकम, म्हणजे आजचं फ्रान्समधलं बूर्ज शहर. रोमनांनी उभारलेल्या बुरुजाला आग लावण्यासाठी नगराच्या दारासमोर एक गॉल उभा आहे. मागून हातोहात येणारे चरबीचे आणि डांबराचे गोळे तो आगीत फेकतो आहे. विंचवाचा बाण उजव्या कुशीत लागून तो मरतो. त्याच्या प्रेतावरून पुढे येऊन दुसरा तेच काम सुरू करतो. तोही तसाच मरतो. मग तिसरा, मग चौथा. आग विझेपर्यंत आणि लढाई संपेपर्यंत ती जागा रिकामी राहिली नाही. हे सीझरने स्वतः पाहिलं आणि नोंदवण्याजोगं वाटलं म्हणून लिहिलं. त्याला कौतुक गॉलांच्या हिमतीचं होतं. शस्त्राच्या अभ्यासकाला त्यात आणखी काही दिसतं: एकच यंत्र, एकाच जागेवर रोखलेलं, पुन्हा पुन्हा तिथेच अचूक लागणारं. हा मारा गर्दीवर केलेला वर्षाव नव्हता, नेमका एक माणूस टिपण्याचं काम होतं. यंत्र एकदा रोखलं की ते हलत नाही, थकत नाही. तिरंदाजाचा दंड शेवटी थकतोच.

चारशे वर्षांनंतरही चित्र हेच. इ. स. ३५९ मध्ये पर्शियन सैन्याने अमिडाला वेढा घातला तेव्हा इतिहासकार अम्मिआनस मार्सेलिनस स्वतः आत होता. सत्तर पर्शियन तिरंदाज एका बुरुजावर घुसले, तेव्हा त्यांच्यासमोर पाच हलकी बाणयंत्रं आणून लावण्यात आली आणि कधी कधी एकेका बाणाने दोघंदोघं विंधले गेले. सहाव्या शतकात इतिहासकार प्रोकोपियस रोमच्या वेढ्यातला एक गॉथ सरदार वर्णन करतो. छातीतून आरपार गेलेल्या बाणाने तो मागच्या झाडाला खिळला गेला आणि तिथेच लोंबकळत मेला. ते पाहून बाकीचे गॉथ पल्ल्याबाहेर हटले. ताकदीबरोबर धाकही या शस्त्राच्या उपयोगाचा भाग होता.

जमिनीचा पुरावा मात्र जपून वाचावा लागतो. इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या मेडन कॅसल या प्राचीन टेकडीकिल्ल्यावर मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ मध्ये उत्खनन केलं. (पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाची परंपरा उभी करणारे ह. धी. सांकलिया लंडनमध्ये शिकत असताना या उत्खननात काम करून आले होते, आणि व्हीलर स्वतः पुढे भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले.) तिथे मणक्यात लोखंडी टोक रुतलेला एक सांगाडा निघाला. व्हीलर यांनी त्यावरून एक थरारक प्रसंग रंगवला: पुढे सम्राट झालेल्या व्हेस्पेशियनचं लीजन आलं, यंत्रांतून बाणांचा मारा झाला, दरवाजे पडले, कत्तल उडाली. पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून तो शिकवला गेला. ते टोक यंत्राच्या बाणाचं की हाताने फेकलेल्या भाल्याचं, यावर नंतर शंका घेतल्या गेल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या कालमापनाने तर तिथली दफनं एका दिवसाची नसून काही पिढ्यांत विखुरलेली असल्याचं दाखवलं. डॉर्सेटमधल्याच हॉड हिलवर इयन रिचमंड यांना बाणांची टोकं मुख्यतः एका मोठ्या झोपडीभोवती एकवटलेली आढळली आणि सरदाराच्या घरावर नेम धरला असावा असं त्यांनी मांडलं. मांडणी आकर्षक आहे, पण त्याच टेकडीच्या कोपऱ्यात नंतर रोमन तळ होता, आणि सैनिक सरावही करतात; ती टोकं सरावातलीही असू शकतात.

याउलट हार्झहॉर्न. २००० साली आलेल्या ‘ग्लॅडिएटर’ चित्रपटाच्या सुरुवातीला जर्मनीच्या रानात रोमन यंत्रं आगीची मडकी फेकत धडाडून मारा करतात. तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली होती, कारण अवजड यंत्रं वेढ्यात शोभतात, रानातल्या चकमकीत नव्हे. मग २००८ मध्ये जर्मनीच्या लोअर सॅक्सनीत, हार्झहॉर्न नावाच्या रानातल्या कड्यावर तिसऱ्या शतकातली, इ. स. २३५च्या आसपासची रणभूमी उजेडात आली. तिथे यंत्राच्या बाणांची लोखंडी टोकं उतारात रुतलेली मिळाली, आणि त्यांच्या रोखावरून मारा कुठून कुठे झाला तेही वाचता आलं. परतीच्या वाटेवर खिंडीत अडवलेल्या रोमन सैन्याने वरच्या शत्रूवर यंत्रं चालवली असावीत. चित्रपटातल्या आगीच्या मडक्यांना याने आधार मिळत नाही. पण गाड्यावरची हलकी यंत्रं सैन्याबरोबर रानावनात फिरत, हे मान्य करावं लागतं. दर सेंच्युरीमागे (लीजनमधल्या तुकडीमागे) असं एक, म्हणजे एका लीजनमागे ५५ यंत्रं आणि प्रत्येकाला अकरा माणसं, हा युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या व्हेजिशियसने दिलेला हिशेब आदर्श म्हणून वाचला तरी तो अगदी हवेतला वाटत नाही.

हातात धरायच्या क्रॉसबोचं मात्र कोडंच आहे. व्हेजिशियस असे धनुर्धारी असल्याचं सांगतो, पण शस्त्र सर्वांना ठाऊक असल्याचं म्हणत वर्णन टाळतो. त्या एका वाक्याने त्याने पुढच्या अभ्यासकांचं किती नुकसान केलं! दुसऱ्या शतकात ॲरियन घोडदळाच्या सरावात धनुष्याऐवजी यंत्रातून सोडलेल्या बाणांचा ओझरता उल्लेख करतो. फ्रान्समध्ये ल प्युई भागातल्या रोमन काळच्या दोन शिल्पपट्ट्यांवर क्रॉसबो आणि भाता कोरलेला आहे, पण संदर्भ शिकारीचा. अखंड रोमन हातक्रॉसबो एकही मिळालेला नाही. चीनमध्ये शीआनजवळच्या मातीच्या सैनिकांबरोबर कांस्याचे खटके ढिगाने सापडतात. तिथे क्रॉसबो हे सामान्य पायदळाचं शस्त्र होतं. रोमनांनी ते तसं केलं नाही, यात अकलेची उणीव शोधण्याचं कारण नाही. त्यांच्याकडे पगारी सीरियन आणि क्रीटचे तिरंदाज होते, जवळून फेकायला भाले होते आणि लांबवरच्या नेमासाठी पिळाची यंत्रं होती. मधली जागा फार उरत नव्हती.

पिळाचं यंत्र परवडायचं मात्र रोमसारख्यालाच. व्हिट्रूव्हियस हा वास्तुशास्त्राचा लेखक म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण ऑगस्टसच्या नोकरीत त्याच्याकडे बॅलिस्टा आणि विंचवांच्या बांधणी-दुरुस्तीचं काम होतं. वास्तुकाराला संगीत का यावं, याचं त्याने दिलेलं एक कारण म्हणजे हीच यंत्रं. डाव्या आणि उजव्या जुडग्याला छेडल्यावर एकच सूर आला पाहिजे, नाहीतर बाण एका अंगाला जातो. म्हणजे प्रत्येक यंत्रामागे कान असलेला माणूस हवा. दमट हवा आली की पुन्हा सूर लावा, पुन्हा पीळ द्या. फायलॉनने तर अशी तक्रार केली आहे की जास्तीचा पीळ देऊन देऊन दोराचा जीव जातो, आणि त्यावर उपाय म्हणून पाचरींचं एक वेगळं यंत्रही सुचवलं आहे. प्रतिकृती करणाऱ्यांनाही काही मारांनंतर हाच अनुभव येतो. ग्रंथातली तक्रार आणि हातातला अनुभव जिथे असे जुळतात, तिथे पुनर्रचना आपलं खरं काम करते.

क्रेमोनाला १८८७ मध्ये एका यंत्राच्या पुढच्या बाजूचा पत्रा सापडला. त्यावर चौथ्या मॅसिडोनिका लीजनचं नाव आणि इ. स. ४५च्या कौन्सुलांची नावं कोरलेली आहेत. यंत्र नष्ट झालं असावं ते इ. स. ६९च्या यादवीतल्या लढाईत. म्हणजे चोवीस वर्षं ते सेवेत होतं. इतक्या काळात त्याचे दोर किती वेळा बदलले गेले असतील? चौकट एकदाच बांधायची होती. दोर पुन्हा पुन्हा. याच लढाईबद्दल इतिहासकार टॅसिटसने लिहिलं आहे की यादवीतला एक दावेदार विटेलियस याच्या बाजूची एक प्रचंड बॅलिस्टा समोरच्या फळीत दगडांनी वाताहत करत होती. समोरच्या दोन सैनिकांनी मेलेल्यांच्या ढाली उचलून शत्रूचा वेष घेतला, ते यंत्रापर्यंत पोचले आणि त्यांनी त्याचे दोर कापले. दोघंही तिथल्या तिथे मारले गेले, त्यांची नावं उरली नाहीत. यंत्राचा जीव कुठे आहे हे त्या दोघांना नेमकं ठाऊक होतं. चौकटीवर कुऱ्हाड चालवत बसण्याची त्यांना गरज वाटली नाही.

युरोप-अमेरिकेत आज ही यंत्रं बांधणाऱ्या हौशी मंडळींचे गट आहेत, आणि त्यांची हेटाळणी करणं अन्यायाचं होईल. विद्यापीठांतल्या पंडितांना न सुचलेले कितीतरी प्रश्न त्यांच्या सुतारकामाने उभे केले आहेत. त्यांच्याकडून मागणं एवढंच की प्रत्येक चाचणीच्या नोंदीत पल्ल्याच्या आधी दोर कशाचा होता, हवा कशी होती, किती मारांनंतर पुन्हा पीळ द्यावा लागला आणि काय मोडलं, हे लिहावं. स्नायूंच्या तंतूंचे दोर वळून, त्यांना पावसाळी हवेत आठवडेच्या आठवडे ठेवून केलेल्या चाचण्या खर्चीक आणि कंटाळवाण्या असतील, पण पैसा घालायचा तर तिथे घालावा. संग्रहालयांनीही पाटीवर मीटरांचा आकडा लिहिताना त्याखाली दोराचं नाव लिहावं. आणि वाचकाने रोमन यंत्राची पुढची चित्रफीत पाहताना बाण कुठे पडला याच्याआधी त्या चौकटीत नायलॉन भरलंय की जनावराचा स्नायू, हे विचारावं.